सही केली, वर गेलो नाही

आमच्या मंडळीच्या नाताळ अंकासाठी पाळकसाहेबांनी मला लेख मागितला आणि विषयही त्यांनीच दिला: ख्रिस्ती सद्गुण रोजच्या कामात जगून आनंद कसा मिळवावा. मी म्हटलं, मी साधा लिफ्टवाला. ते म्हणाले, म्हणूनच तुम्हाला सांगतोय. उपदेश करायला मी आहे, तुम्ही फक्त काय घडलं ते लिहा. अडचण तिथेच आहे. काय घडलं ते मला चांगलं आठवतं. त्यात गुण कुठला आणि दोष कुठला, ते मात्र तेहतीस वर्षं नोकरी करून आणि नंतर घरी बसूनही नीट कळलेलं नाही. हे त्यांना सांगितलं तर ते हसले. त्यांना वाटलं, मी नम्रपणा दाखवतोय.

माझं नाव शांतवन साळवे. वडील नगर जिल्ह्यातून अंबरनाथला कारखान्यात आले आणि इथेच राहिले. आमच्या लोकांत शांतवन, म्हणजे सांत्वन, हे नाव असतं, बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मी बाहेरून म्हणायचो, घाबरू नका, मी शांतवन बोलतोय, तेव्हा आतला माणूस आणखीच गोंधळायचा.

उल्हासनगरच्या लछूशेठच्या सर्व्हिस कंपनीत मी मेकॅनिक होतो, पुढे सीनियर मेकॅनिक झालो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा आमचा भाग. लिफ्ट बसवायचं काम मोठ्या कंपन्यांचं. बसवलेली लिफ्ट चालती ठेवायचं काम आमच्यासारख्यांचं. महिन्यातून एकदा जायचं, तेल-ग्रीस, ब्रेक, दोर, दरवाजे बघायचे आणि सोसायटीच्या कार्डावर सही करायची. लोकांना वाटतं लिफ्ट तुटून खाली कोसळते. तसं सहसा होत नाही. वीज गेली की ब्रेक आपोआप आवळला जातो. वीज लागते ती ब्रेक सोडायला, धरायला नाही. म्हणून अडकलेला माणूस आत स्वस्थ बसला तर त्याला काही होत नाही. धोका असतो तो दरवाजांचा. प्रत्येक मजल्यावरच्या दरवाजाला एक कुलूप असतं. लिफ्ट समोर नसेल तर दरवाजा उघडता कामा नये, आणि एकही दरवाजा उघडा असेल तर लिफ्ट हलता कामा नये. सगळी सुरक्षा या दोन वाक्यांत आहे. बाकी सगळी सोय.

माझ्या जोडीला रमाकांत सावंत असायचा. मूळचा कोकणातला, राहायला बदलापूरला, माझ्याहून चार वर्षांनी लहान. हात इतका साफ की मी अर्धा तास शोधलेला बिघाड तो कान लावून सांगायचा. लिफ्ट अडकली की तो वर मशीनरूममध्ये जाऊन मोटरचं चाक हातानं फिरवायचा आणि मी खाली दाराशी उभा राहून आतल्या माणसांशी बोलायचो. बोलायचं खातं माझ्याकडे, असं तोच म्हणायचा.

उल्हासनगरला एका पाच मजली इमारतीत दोन सिंधी भाऊ राहायचे. कापडाचं दुकान एकत्र, घरं वेगळ्या मजल्यांवर, आणि दोन वर्षं एकमेकांशी बोलणं बंद. एके दिवशी हे दोघे नेमके एकाच वेळी लिफ्टमध्ये अडकले, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. आम्ही पोचलो तेव्हा आतून भांडणाचा आवाज येत होता आणि जिन्यात दोघांच्या बायका उभ्या होत्या. सावंतनं वरून फोन करून विचारलं, फिरवू का? तेवढ्यात आतला आवाज उतरला. दोघं हळू बोलायला लागले होते. मी सावंतला म्हटलं, थांब जरा. आणि आत हाक मारून सांगितलं की चाक जाम झालंय, पंधरा मिनिटं लागतील. चाक जाम वगैरे काही नव्हतं. लहानपणापासून चर्चमध्ये ऐकलं होतं की शांती करणारा माणूस धन्य. मला वाटलं, आज आपली पाळी आली.

पंधरा मिनिटांनी दोघे हसत बाहेर आले. मी आठवडाभर खूश होतो. महिन्याने त्याच रस्त्याने गेलो तर दुकानाच्या मधोमध भिंत उभी आणि वर दोन पाट्या. थोरला भाऊ मला बघून बाहेर आला, मिठाईचा डबा हातात दिला आणि म्हणाला, "साळवेजी, आपने बड़ा काम किया. हमारा बँटवारा शांति से हो गया."

सावंत बरोबर होता, तो हसून हसून दुकानाच्या पायरीवर बसला. मी घरी येऊन बायकोला, करुणाला, विचारलं की मी चांगलं केलं की वाईट. ती म्हणाली, दोघं आता बोलतात ना, मग झालं. पण मी खोटं बोललो होतो, त्याचं काय, हे विचारल्यावर ती भाजी निवडायला निघून गेली.

ही गंमत झाली. पुढची गंमत नाही.

अंबरनाथला एका जुन्या चार मजली सोसायटीची लिफ्ट आमच्याकडे होती. एका शनिवारी सकाळी तळमजल्याच्या दरवाजाचं कुलूप बिघडल्याची तक्रार आली. सावंत गेला. कुलपाची जीभ झिजली होती, नवा भाग सोमवारशिवाय मिळणार नव्हता. सोसायटीत वरच्या मजल्यावर दोन म्हातारी माणसं, लिफ्ट बंद ठेवू नका म्हणून सेक्रेटरी मागे लागलेले. तेव्हा सावंतनं वर मशीनरूममधल्या पॅनलमध्ये बोटभर वायरचा तुकडा लावला. अशी वायर लावली की दरवाजा बंद नसला तरी लिफ्टला तो बंद आहे असंच वाटतं. तपासणी करताना आम्ही ती दोन मिनिटं लावतो आणि काढतो. लावून निघून जायचं नाही, हा नियम नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.

दुपारी मी तिथे पोचलो. कुलपाचं काम झालं असेल तर मशीनरूममध्ये जाऊन पॅनल बघायचं आणि कार्डावर सही करायची, हे माझं काम होतं. पण त्या दिवशी चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम होती. मला पोचायला आधीच उशीर झाला होता आणि गायनाची जबाबदारी माझ्याकडे होती. सावंत गेटवर भेटला, म्हणाला, चालू करून दिलीय, सोमवारी येतो. सोमवारी कशाला येतोस, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. वॉचमनच्या टेबलावर कार्ड ठेवून सही केली आणि रिक्षा पकडली. त्या संध्याकाळी आमचं गाणं फार छान बसलं, हेही मला आठवतं.

रविवारी सकाळी उपासना चालू असताना खिशातला फोन थरथरला. तिसऱ्या मजल्यावरचे केळकर काका, एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, दूध घेऊन आले होते. तळमजल्यावर त्यांनी दरवाजा ओढला, तो उघडला. ते सवयीने आत पाऊल टाकून गेले. लिफ्ट वर होती. खाली साडेचार फुटांचा खड्डा असतो, त्यात ते पडले. नशीब असं की तळमजल्यावरच्या एका बाईंनी आवाज ऐकला आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला. तेवढ्यात कोणी खालचं बटण दाबलं असतं तर लिफ्ट त्यांच्या अंगावर आली असती.

मी पोचलो तेव्हा काकांना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी मशीनरूममध्ये गेलो, पॅनल उघडलं आणि वायर दिसली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी ती काढली आणि शर्टाच्या खिशात घातली. का काढली, ते आजही सांगता येत नाही. कोणाला पुन्हा धोका नको म्हणून, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण तेव्हा मेन बंद होता. धोका फक्त मला आणि सावंतला होता.

सोसायटीने लेखी खुलासा मागितला. लछूशेठ माणूस वाईट नव्हता. त्याने काकांच्या घरच्यांना स्वतः फोन केला होता. पण तो म्हणाला, पोरं दरवाजाला लाथा मारतात, कुलूप तुटलं, एवढं लिही. पंचवीस घरं माझ्या कंपनीवर चालतात. सावंतही तेच म्हणाला. आम्ही दोघं अंबरनाथ स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर उभे होतो. त्याने मान्य केलं की वायर त्याने लावली. हेही म्हणाला की मी वर जायला हवं होतं. मग म्हणाला, "दोघांच्या चुका आहेत. दोघांचं मिळून एकच खोटं लिहू."

तीन दिवस वायर माझ्या खिशात होती. तिसऱ्या दिवशी मी खुलासा लिहिला. कुलूप झिजलं होतं, सावंत यांनी वायर लावली, ती काढली आहे की नाही हे तपासणं माझं काम होतं, मी न तपासता सही केली, अपघातानंतर वायर मीच काढून ठेवली. कागदासोबत वायरही सोसायटीच्या सेक्रेटरींकडे दिली. कागद देऊन बाहेर आलो तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पाळकसाहेब ज्या आनंदाबद्दल लिहा म्हणतात, तो हाच असेल तर तो मला मिळाला. एक दिवस टिकला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीने आमचं काम बंद केलं आणि लछूशेठने सावंतला काढलं. मला ठेवलं. लायसन्स माझ्या नावावर होतं, मी गेलो असतो तर बाकीच्या सोसायट्याही गेल्या असत्या. म्हणजे कबुली मी दिली आणि शिक्षा त्याला झाली. मी राजीनामा देऊ शकत होतो. करुणाने विचारलंही, की तुम्ही का नाही सोडत. मुलीचं कॉलेज चालू होतं, हे कारण मी दिलं. कारण खरं होतं. पुरेसं होतं का, ते ठाऊक नाही.

सावंत हत्यारांची पिशवी परत द्यायला आला तेव्हा ऑफिसात मी एकटाच होतो. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "खरं बोलायचं होतं तर तुझ्यापुरतं बोलायचंस. माझ्या वाटचं खरं मला बोलू द्यायचं होतंस."

यावर उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी फक्त माझी चूक लिहिली असती, तर वायर कोणी लावली हा प्रश्न आलाच असता. पण लिहिण्याआधी मी त्याच्याकडे जाऊन सांगू शकलो असतो की मी लिहितोय, तूही चल. तेवढं सुचलं नाही. की सुचलं होतं आणि तो मला थांबवेल याची भीती वाटली? त्याच्या घरी मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा वहिनींनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या, आणि सावंत आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. तिसऱ्यांदा गेलो नाही.

केळकर काकांकडे मात्र गेलो. हॉस्पिटलमध्ये त्यांच्यासमोर उभं राहून काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. अर्धंही बोलून झालं नाही तोच ते म्हणाले, बसा हो. मीही प्लांटमध्ये अशा वायरी लावायला सांगितल्या आहेत, उत्पादन थांबू नये म्हणून. माझ्या वेळी कोणी पडलं नाही, एवढाच फरक. माफ केलं तुम्हाला. सफरचंद खाणार का?

मला राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला. इतक्या सहज मिळालेल्या क्षमेचं करायचं काय, हेच मला कळेना. क्षमेबद्दल मी कितीतरी प्रार्थना चालवल्या होत्या. पण काका देवळात न जाणारे, चर्चशी संबंध नसलेले, आणि त्यांची क्षमा माझ्या हातात सफरचंदाच्या फोडीबरोबर आली.

ते घरी आल्यावर मी दर रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडे जायला लागलो. लिफ्टमध्ये पाऊल ठेवायला ते तयार नव्हते. डॉक्टरांनी जिना थोडा थोडा करायला सांगितला होता. आधी एक पायरी, मग तीन, मग अर्धा मजला. मी एका हाताला आणि दुसऱ्या हाताला कठडा. तळमजल्यापर्यंत उतरायला आम्हाला पाच महिने लागले. त्या दिवशी खाली बाकावर बसून दम घेताना त्यांनी मला विचारलं, "साळवे, खरं सांगा, तुम्ही माझ्याकरता येता की तुमच्याकरता?"

मी म्हटलं, कळत नाही.

"मग येत जा," ते म्हणाले.

पुढे त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. ते रविवार माझ्या आयुष्यातले चांगले रविवार होते, हे मी शपथेवर सांगेन. पण ज्या माणसाला माझ्या चुकीने पाडलं, त्याच्याजवळ बसून मला बरं वाटावं, हे बरोबर आहे का? करुणा म्हणते, तुम्ही आनंदालाही जंतुनाशक लावून बघता.

मी निवृत्त झालो. सावंतबद्दल अधूनमधून कानावर यायचं. आधी पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, मग अंबरनाथच्याच आनंदनगरला एका कारखान्यात मालाची लिफ्ट सांभाळायचा. अपघाताला आठ वर्षं झाली असतील, तेव्हा एका दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. केस पांढरे झाले होते. करुणाने चहा टाकला. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि कामाचंच बोलला. बदलापूरला एक मोठं कॉम्प्लेक्स झालंय, पाच टॉवर, त्यांना लिफ्टसाठी कायमचा माणूस हवाय. जुन्या नोकरीतल्या सीनियरचं पत्र मागतायत. लछूशेठ वारला होता, कंपनी बंद झाली होती. सीनियर म्हणजे मीच उरलो होतो. तो म्हणाला, नोकरी स्वतःहून सोडली एवढं लिही.

मी त्याला संध्याकाळपर्यंत थांब म्हटलं. तो स्टेशनवर जाऊन बसला. मी तीन कागद फाडले. एकात तो म्हणाला तसं लिहिलं, आणि सही करताना हात थांबला. दुसऱ्यात सगळं खरं लिहिलं, आणि वाचून वाटलं की मी त्याला पुन्हा एकदा काढतोय. तिसरं काय होतं ते आठवत नाही. चौथ्यात लिहिलं की सावंत यांना एका अपघातानंतर काढण्यात आलं. वायर त्यांनी लावली होती आणि तपासणी न करता सही मी केली होती. त्यांच्याइतका चांगला मेकॅनिक मी पाहिलेला नाही. या वेळी पाकीट बंद न करता मी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, आधी वाच. नको असेल तर फाड.

त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, ह्यानं नोकरी मिळत नसते. पण फाडलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं आणि बदलापूरची गाडी पकडली.

दहा दिवसांनी त्या कॉम्प्लेक्सच्या मॅनेजरचा फोन आला. तरुण आवाज, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्याने पत्र वाचलं होतं. त्याने एकच प्रश्न विचारला, की ह्या माणसाने दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये तुम्ही स्वतः बसाल का? मी म्हटलं, बसेन.

फोन ठेवल्यावर मी गोंधळलो. बसेन असं मी का म्हणालो? ते खरं होतं, की मला त्याचं देणं फेडायचं होतं? सावंतला नोकरी मिळाल्याचं कळलं तरी हा किडा डोक्यातून जाईना. शेवटी एका शनिवारी मी बदलापूरला गेलो. सावंत टॉवरच्या खाली रजिस्टर लिहीत होता. मला बघून त्याने पेन खाली ठेवलं. मी लिफ्टमध्ये बसलो, चौदाव्या मजल्यापर्यंत गेलो, खाली आलो. बाहेर पडताना माझा हात सवयीने दरवाजाच्या कुलपाकडे गेला. मी खाली वाकून बघायला लागलो आणि मग लक्षात आलं की तो माझ्याकडे बघतोय.

"बघ, नीट बघ," तो म्हणाला. "तेव्हा बघितलं असतंस तर."

आठ वर्षं दोघांच्या मधे पडलेलं वाक्य शेवटी त्यानेच उचललं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, आणि हे असं का, ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, खरं आहे. मग विचारलं, वरचीही बघू का? त्याने खिशातून टॉर्च काढून माझ्या हातात दिला.

त्या दिवशी आम्ही चौदाही मजल्यांची कुलपं तपासली. मी दरवाजा ओढायचो, तो बाजूला उभा राहायचा. पॅनल त्याने स्वतःहून उघडून दाखवलं. कामाशिवाय बोलणं झालं नाही. नवव्या मजल्यावर एका बाईंनी विचारलं, काय बिघडलंय का, तर सावंत म्हणाला, नाही, हे आमचे सीनियर आहेत, यांना बघायची हौस आहे.

तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी जातो. कोणी बोलावत नाही, कोणी येऊ नका म्हणत नाही. एकेका वेळी एक टॉवर होतो. करुणा विचारते, तुमची मैत्री झाली का परत? मी सांगतो, ठाऊक नाही. ती विचारते, तिथून आल्यावर तुम्ही गाणं का गुणगुणता? तेही ठाऊक नाही. प्रीती, सहनशीलता, विश्वासूपणा, सौम्यता हे शब्द रविवारच्या शाळेत मी पाठ केले होते, आजही ओळीने म्हणून दाखवीन. त्यातला कुठला शब्द या शनिवारांना लावायचा, ते पाळकसाहेबांनी हा लेख वाचून मला सांगावं.

परवाच्या शनिवारी आम्ही तिसऱ्या टॉवरमध्ये होतो. सहाव्या मजल्यावर सावंत गुडघ्यावर बसून कुलपाची जीभ पुसत होता आणि मी टॉर्च धरला होता. पाठमोऱ्या माणसाशी बोलणं सोपं जातं. मी विचारून टाकलं, की रमाकांत, तू मला माफ केलंस का?

त्याने मान वर केली नाही. कापड उलटं केलं आणि पुन्हा पुसायला लागला.

"आधी हा मजला होऊ दे," तो म्हणाला.